जबलपूरचे ताल आणि वस्तीतील उद्यान

मराठी वाचकास 'ताल' म्हटले की प्रथम संगीत आठवते; जबलपूरकरास मात्र तळे आठवते. या नगराची ओळख बावन्न ताल-तलैयांचे नगर अशी परंपरेने सांगितली जाते. गोंड राजा संग्रामशाहाचे नाव संग्रामसागरास आहे. राणी दुर्गावती, जी 1564 मध्ये रणांगणावर मृत्यू पावली, तिच्या नावाचे राणीताल, तिच्या दासीची आठवण म्हणून सांगितले जाणारे चेरीताल आणि मंत्री आधारसिंहाच्या नावाचे अधारताल अशी ही मालिका आहे. यांपैकी चेरीताल आज मुख्यतः वस्तीचे नाव म्हणून उरले आहे आणि राणीतालच्या मोठ्या भागावर क्रीडासंकुल उभे आहे. वस्तीत जलसंचय, निसर्ग आणि मनोरंजन यांचा मेळ घालणारे उद्यान कसे असावे, या प्रश्नाचा विचार जबलपुरात या दोन नावांपासूनच सुरू करावा लागतो.

तळ्यांची ही रचना भूरूपाला धरून होती. मदनमहालाच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या आहेत. त्यांवर पडलेले पाणी फारसे न मुरता वेगाने खाली येते आणि पायथ्याशी बांध घातला की साठते. 1883 मध्ये खंदारी जलाशय झाला, नळाचे पाणी आले, आणि तळ्याशी घराघराचा असलेला रोजचा संबंध हळूहळू सुटला. ज्याच्या पाण्याची गरज नाही, त्याची जमीन डोळ्यांत भरू लागते. परंतु तळे बुजविले तरी उतार बुजत नाही. पावसाचे पाणी जुन्या वाटेनेच येते आणि तळ्याऐवजी घरांत शिरते.

म्हणून उद्यानासाठी जागा निवडताना वस्तीतील सर्वांत सखल भाग प्रथम शोधला पाहिजे. बहुधा तो जुन्या तळ्याचाच अवशेष असतो. त्यानंतरचा हिशेब सोपा आहे. दहा हेक्टर वस्तीवर एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर 1 कोटी लिटर पाणी पडते. त्यातील निम्मे वाहून आले असे धरल्यास 50 लाख लिटरांची सोय करावी लागते. एक हेक्टरच्या उद्यानाचा अर्धा भाग सरासरी एक मीटर खोल ठेवला, तर हे पाणी त्यात मावते.

मावते खरे, पण तो भाग आधी रिकामा असेल तरच. येथेच या रचनेतील खरा पेच आहे. नौकाविहारासाठी काठोकाठ भरलेले तळे दिसावयास रम्य असते. पुराचे पाणी सामावून घेण्यास ते निरुपयोगी असते. उलट, पुरासाठी सदैव कोरडा ठेवलेला खड्डा कोणासच नकोसा होतो. यावर उपाय म्हणजे पातळ्यांची विभागणी. मध्यभागी बारमाही पाण्याचा खोल डोह. त्याभोवती पाणी चढते-उतरते असा मंद उताराचा काठ. आणि त्याहून थोडे वर, परंतु रस्त्यापेक्षा खाली, खेळाचे मैदान. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे 2013 मध्ये झालेल्या बेंथेमप्लाइन चौकात खेळाचे अंगणच मुसळधार पावसात कुंड बनते. तेथील तीन कुंडांत मिळून सुमारे 17 लाख लिटर पाणी राहते. मात्र तेथे पाऊस वर्षभर विखुरलेला असतो. जबलपुरात तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे ती रचना जशीच्या तशी उचलून चालणार नाही. राणीतालच्या जागी मात्र खेळ आणि पाणी यांपैकी एकाचीच निवड करणे अपरिहार्य नव्हते, एवढे त्यावरून म्हणता येते.

मंद उताराचा काठ हा उद्यानाचा प्राण होय. सुशोभीकरणाच्या नावाखाली तळ्याभोवती उभी दगडी भिंत बांधून तिच्यावर फिरण्याची वाट काढण्याची रूढी पडली आहे. त्या भिंतीमुळे वाट टिकते. पण पाणकोंबडीला घरटे करावयास, बेडकाला बाहेर यावयास आणि वंचकाला उथळ पाण्यात उभे राहावयास जागा राहत नाही. काठावर वाळा आणि लव्हाळे, थोडे वर अर्जुन, करंज व जांभूळ लावल्यास मुळे माती धरतात आणि काही दिवस पाण्यात उभी राहूनही झाडे जगतात. फिरण्याची वाट या झाडांमागून न्यावी; काठाशी दोन-तीन ठिकाणी पायऱ्या पुरेत.

सांडपाणी मात्र एका नळीनेही आत येता कामा नये. ते आले की जलपर्णी माजते व डास होतात. मग लोकच तळे बुजविण्याची मागणी करतात. मैदानावरील पाणी याच कारणासाठी एक-दोन दिवसांत डोहात उतरावे असा ढाळ हवा. काळ्या चिकण मातीत ते आपोआप मुरेल, या भरवशावर राहू नये.

पाणी आत येते तेथे गाळ अडविणारे छोटे कुंड असावे आणि ते दरवर्षी मे महिन्यात उपसले जावे. उपसण्याचे काम कोणाचे आणि त्याचा खर्च कोणत्या खात्यातून, हे आराखड्यावरच लिहिलेले असावे. तसेच जुलै-ऑगस्टमध्ये मैदान काही दिवस पाण्याखाली राहील, हे मुलांच्या पालकांना पहिली कुदळ पडण्यापूर्वी सांगितलेले असावे.