गाजर गवताची विचर्चिका : निदान व लेपद्रव्यांविषयी सावधगिरी

मृगाच्या सरी पडल्या की अहमदपूर परिसरातील बांध, पाणंदी आणि गावठाणातील उकिरडे गाजर गवताने भरून जातात. सोयाबीनची खुरपणी सुरू होते आणि त्याच सुमारास चेहरा, मान व कोपराच्या खळग्यात असह्य कंडू घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांची चिकित्सालयात गर्दी वाढते.

ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. आपल्याकडे 1950 च्या दशकात पुण्यात तिची नोंद झाली. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर तिचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. 1970 च्या दशकापर्यंत पुणे परिसरात तिच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाने साथीसारखे रूप घेतले होते. गवतावरील सूक्ष्म रोमांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वाळलेल्या पानांची धूळ व परागकण वाऱ्याबरोबर उडून अंगावर बसतात, म्हणून गवताला हात न लावणारासही हा विकार होतो.

संहितांत या वनस्पतीचा उल्लेख असण्याचे कारण नाही. पण लक्षणे अपरिचित नाहीत. चरकाचार्यांनी विचर्चिकेत कंडू, पिडका, श्यावता व बहुस्राव सांगितले, तर सुश्रुताचार्यांनी रूक्षता, रेषा व वेदना. माझ्या पाहण्यात नव्या रुग्णाचे चित्र पहिल्या वर्णनाशी आणि चार-पाच पावसाळे काढलेल्या रुग्णाचे दुसऱ्याशी जुळते. सुश्रुतांनी कल्पस्थानात दूषीविष शीत वाऱ्यात व अभ्राच्छादित दिवशी प्रकुपित होते असे म्हटले आहे; त्याचा प्रत्यय श्रावणात वारंवार येतो.

निदानात पापण्या पाहाव्यात. केवळ उन्हाने होणाऱ्या विकारात वरची पापणी, कानामागचा भाग व हनुवटीखालची सावलीतील त्वचा बहुधा सुटते. वाऱ्यावरून आलेल्या कणांपासून ती सुटत नाही. मात्र रोग जुना झाला की ऊनही सोसेनासे होते आणि हा भेद पुसट होतो. आपल्या भागात अंगदुखीवर बिब्बा लावण्याची चाल अद्याप आहे, तेव्हा तेही विचारून घ्यावे. लाजेने रुग्ण आपणहून सांगत नाही.

आता स्वतःची चूक सांगतो. पन्नाशीच्या एका शेतकऱ्यास दाह व शोथ पाहून मी दशांग लेप तुपातून लावण्यास दिला. तिसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा डोळे उघडत नव्हते. लेपातील दहा द्रव्ये पुन्हा वाचली आणि कुष्ठावर थांबलो. कुष्ठ (कोष्ठ) हे गाजर गवताच्याच, म्हणजे सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातील आणि त्याच वर्गातील संवेदनाकारक द्रव्ये असणारे. गवताने ज्याची त्वचा आधीच चिडलेली आहे, त्यास ते बाधू शकते. कुष्ठ रोगावर कुष्ठ, हे निघंटूत शोभते. या रुग्णाला ते महाग पडले. भृंगराज व अक्कलकारा ही त्याच कुळातील असल्याने त्यांचे तेल वा लेप देण्यापूर्वीही हाताच्या आतील बाजूस किंचित लावून दोन दिवस पाहावे. ही प्रतिक्रिया उशिरा उमटते. तासाभरात काही झाले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. सुजलेल्या त्वचेवर मात्र ही परीक्षाही करू नये.

पुढे त्या रुग्णास त्रिफळा क्वाथाचे थंड परिषेक व वरून शतधौत घृत दिले. स्राव थांबल्यावर खदिर व मंजिष्ठादी क्वाथ, कोष्ठ पाहून मृदु विरेचन आणि रूक्षता आल्यावर पंचतिक्त घृत असा क्रम ठेवला. ओल्या व्रणावर करंज तेल किंवा गंधकाचे मलम घाईने लावू नये. खाज शमण्याऐवजी दाह वाढतो. या उपचारांनी प्रकोप ओसरला, संवेदनशीलता गेली नाही. ती कायमची घालवण्याचे आश्वासन आपण देऊ नये. निदानपरिवर्जनावाचून येथे औषध लंगडेच आहे.

औषधालयचालकांना एक विनंती. या रुग्णांपैकी अनेकांच्या खिशात स्टेरॉईडची ट्यूब असते. केंद्र शासनाने 2018 मध्ये अशी 14 मलमे अनुसूची ‘एच’ मध्ये आणली. चिठ्ठीवाचून ती देता येत नाहीत. घटक न सांगणाऱ्या, ‘एका दिवसात गुण’ देणाऱ्या पुड्याही ठेवू नयेत. दीर्घकाळ स्टेरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्याची गोळी वैद्याने एकदम बंद करवू नये, ते जिवावर बेतू शकते. सर्वांग लाल होऊन ज्वर आल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

गवत फुलोऱ्यापूर्वी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. ज्यास हा विकार आहे त्याने ते काम करूच नये. 1984 मध्ये बंगळूरकडे सोडलेला मेक्सिकन भुंगा पावसाळ्यात पाने फस्त करतो, पण तेवढ्याने भागत नाही. वरील शेतकऱ्याच्या घरी आता बांधावरचे गवत मुलगा उपटतो. शेतातून आल्यावर अंग धुऊन कपडे बदलणे आणि धुतलेले कपडे गवतापासून दूर वाळत घालणे एवढे त्यांनी पाळले. गेल्या श्रावणात ते आले ते केवळ घृत संपले म्हणून.