नादाचे छायाचित्र

सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरच्या उत्तरेस करकंब नावाचे मोठे गाव आहे. ज्ञानेश्वरांचे वडील बंधू व गुरू संत निवृत्तिनाथ यांची पालखी ज्येष्ठ महिन्यात त्र्यंबकेश्वराहून निघते आणि करमाळा, जेऊर, कंदर अशी मजल दरमजल करीत या गावी येते. आषाढी एकादशी तेव्हा तोंडावर आलेली असते. इतके दिवस चाललेले पाय थकलेले असतात; पण पंढरी जवळ आली या आनंदात करकंबच्या मुक्कामी भजनाला जो रंग चढतो, तो पाहणाऱ्याच्या मनातून कधी पुसला जात नाही.

ही गोष्ट १९८५ सालची. मी नुकताच शिक्षक झालो होतो. एका स्नेह्याचा कॅमेरा मागून घेऊन मी पालखीच्या दर्शनास गेलो. सायंकाळची वेळ होती. आभाळ भरून आले होते. एका दिंडीचे भजन ऐन रंगात आले होते. मध्यभागी गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी उभा होता. ही वीणा वारकरी भुईवर टेकवीत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दोन्ही बाजूंस टाळकऱ्यांच्या रांगा होत्या. टाळांच्या ठेक्यावर ते पुढे झेपावत, मागे सरत, आणि मध्येच सारे एकदम उसळी घेत. या पदन्यासाला पावली म्हणतात. एक वृद्ध मृदंगी मान डोलवीत त्या साऱ्यांना जणू नाचवीत होता.

मी घाईघाईने कळ दाबू लागलो. त्या काळी कॅमेऱ्यात फिल्म घालावी लागे आणि एका फिल्मवर छत्तीस छायाचित्रे निघत. ती छत्तीसही मी अर्ध्या तासात संपविली. पुढे फिल्म धुऊन आली, तेव्हा माझा विरस झाला. टाळांच्या जागी पांढरे फराटे, हातांच्या जागी धूर, आणि मृदंगावर काळी सावली! उजेड कमी असला की कॅमेऱ्याची पापणी अधिक वेळ उघडी ठेवावी लागते. मी ती सेकंदाचा तिसावा भाग उघडी ठेवली होती. तेवढ्या वेळात चपळ हात कितीतरी पुढे सरकतो आणि चित्र फरकटते.

दुसऱ्या वर्षी, १९८६ साली, ती फसलेली चित्रे खिशात घालून मी पुन्हा करकंबला गेलो. तीच दिंडी, तेच मृदंगी! भजनापूर्वी ते मृदंगाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावीत बसले होते. कणकेच्या भाराने त्या बाजूचा नाद खोल व गंभीर होतो. मी संकोचत ती चित्रे त्यांच्यापुढे ठेवली. ती पाहून ते हसले व म्हणाले, "मास्तर, यात माझा हात कुठं आहे?"

"माउली, तुमचा हात थांबेल तर तो सापडेल ना!" मी म्हणालो.

"थांबतो की! दर ठेक्याला थांबतो. पण ते डोळ्याला कळत नाही, कानाला कळतं. आज पेटी बाजूला ठेवा आणि आधी ऐका."

मी कॅमेरा मांडीवर ठेवून नुसता ऐकत राहिलो. हळूहळू नवल वाटू लागले. उसळी केव्हा येणार, हे ती येण्यापूर्वीच मला कळू लागले. ठेका फिरून आपल्या जागी येई आणि त्याच जागी टाळकरी भुईवरून उठत. मुलांनो, चेंडू वर फेकून पाहा. वर जाता जाता त्याचा वेग कमी होतो. माथ्यावर तो क्षणभर थांबल्यासारखा भासतो आणि मग खाली येतो. उसळी घेणारा टाळकरी आणि मृदंगावर पडण्यासाठी उचललेला हात यांचेही तसेच आहे. तो निमिष डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत निघून जातो. पण कान आधी सूचना देत असेल, तर बोट वेळेवर हलते.

मग मी कॅमेरा उचलला आणि ठेका ऐकत मोजून पाच वेळाच कळ दाबली.

निघताना वृद्ध म्हणाले, "मास्तर, माझं चित्र नीट आलं, तर पुढल्या वारीला आणा. घरी दाखवीन." मी वचन दिले.

पाचांपैकी दोन चित्रे स्वच्छ उमटली होती. परंतु १९८७ साली माझी बदली झाली. नवे गाव, नवे घर यांच्या धावपळीत आषाढ कधी सरला, हे मला कळलेच नाही. चित्र वहीत तसेच राहिले. १९८८ साली मी ते घेऊन करकंबला गेलो, तो दिंडीत मृदंग एका तरुणाच्या गळ्यात! तो त्यांचा नातू होता. आजोबांच्याने आता चालवत नव्हते. ते घरीच होते. "गेल्या वर्षी इथं त्यांनी तुमची फार वाट पाहिली," तो म्हणाला. माझी मान खाली गेली.

मी चित्र त्याच्या हाती दिले. त्याने ते निरखून पाहिले. आजोबांचा उचललेला उजवा हात, किंचित कललेली मान. त्याची बोटे नकळत आपल्या मृदंगावर गेली आणि तो म्हणाला, "हा 'धा' पडायच्या आधीचा हात आहे!" आणि त्याने तो 'धा' वाजविला. मुके चित्र बोलू लागले.

पुढे माझ्या वाचनात आले की, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील लोरियाँ या गावी १९७१ पासून केल्टिक लोकसंगीताचा मोठा उत्सव भरतो. आयर्लंड, स्कॉटलंड येथील वादकही तेथे येतात. त्यांच्या वाद्यांत लाकडी कड्यावर बकऱ्याचे कातडे ताणलेले, आपल्या हलगीची आठवण करून देणारे एक चर्मवाद्य आहे. त्याच्या ठेक्यावर पावले थिरकतात. ते वाद्य वाजविणाऱ्याचा हातही असाच क्षणभर थांबत असेल.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि फिल्म संपण्याची भीती नाही. तरीही कळ दाबण्यापूर्वी आधी ऐकावे. आणि ज्याचे चित्र घेतले, त्याला ते वेळेवर पोचवावे. पहिली गोष्ट मला त्या वृद्धांनी शिकविली. दुसरी माझ्या चुकीने.

शब्दार्थ
मृदंगी – मृदंग वाजविणारा. पदन्यास – पावले टाकण्याची रीत. पुडी – मृदंगाचे कातडी तोंड. विरस – निराशा. निमिष – पापणी लवण्याइतका काळ.

स्वाध्याय
१. लेखकाची पहिली छत्तीस छायाचित्रे का फसली?
२. "डोळ्याला कळत नाही, कानाला कळतं," या वाक्याचा अर्थ चेंडूच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. "मुके चित्र बोलू लागले," असे लेखक का म्हणतो?
४. दिलेले वचन वेळेवर न पाळल्यामुळे तुम्हांला वाईट वाटले, असा एखादा प्रसंग दहा ओळींत लिहा.