लांब हातांची सफाई

घरातला केर काढायला केरसुणी आणि सुपली पुरते. पण ज्या खोलीत पाऊल टाकणेच धोक्याचे, ती खोली झाडायची कशी? जुन्या किंवा अपघातग्रस्त अणुभट्ट्या साफ करणाऱ्या तंत्रज्ञांपुढे हाच प्रश्न असतो.

अणुइंधनातून निघणारे गॅमा किरण दिसत नाहीत, त्यांना वासही नसतो. पण शरीरातील पेशींना ते इजा करतात. त्यांच्यापासून बचावाचे उपाय तीन : जवळ कमीत कमी वेळ थांबणे, शक्य तितके लांब राहणे आणि मध्ये शिसे, काँक्रीट किंवा पाणी यांचा आडोसा ठेवणे. यांतले अंतराचे गणित तुम्हांला सहज करता येईल. किरणोत्सर्गी वस्तू लहान असेल, तर किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. १ मीटरवर ती १०० एकक असेल, तर २ मीटरवर २५ आणि १० मीटरवर फक्त १ एकक! म्हणजे आपला हात लांब करता आला, की बरेचसे काम झाले.

हे प्रत्यक्षात कसे केले ते पाहू. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथील दुसऱ्या अणुभट्टीची एक झडप उघडीच राहिली. थंड ठेवणारे पाणी निसटून गेले आणि गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला. तळघरात किरणोत्सर्गी पाणी साचले. तेथे माणसाने उतरणे शक्य नव्हते. तेव्हा कार्नेगी मेलन विद्यापीठातील विल्यम व्हिटेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा चाकांची एक गाडी बनवली. १९८४ मध्ये ती तळघरात सोडण्यात आली. तिच्यावरील कॅमेरे केबलमधून चित्रे पाठवीत आणि सुरक्षित जागी बसलेले चालक ती पाहून गाडी हाकीत.

वितळलेले इंधन काढण्याची रीत मात्र साधी होती. पाण्याने भरलेल्या भट्टीवर जाड आडोशाचा फिरता मंच बसवला. त्यावर उभे राहून कामगारांनी दहा-बारा मीटर लांब दांड्यांच्या अवजारांनी तुकडे उचलले. १९८५ ते १९९० या काळात सुमारे ९९ टक्के इंधन बाहेर आले. अंतर आणि आडोसा, दोन्ही कामी आले.

तुम्ही म्हणाल, मग सगळीकडे यंत्रेच का पाठवीत नाहीत? कारण तीव्र किरणोत्सर्गाने यंत्रांचे इलेक्ट्रॉनिक भागही बिघडतात. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या छपरावर पाठवलेली दूरनियंत्रित यंत्रे अडकली, बंद पडली. शेवटी सैनिकांना फावडी घेऊन जावे लागले. त्यांच्या हाती उरला एकच उपाय, कमी वेळ : प्रत्येकाला अवघी एक-दोन मिनिटे!

जपानमधील फुकुशिमा येथे २०११ च्या अपघातात तीन भट्ट्यांतले इंधन वितळले. तेथे असा मलबा अंदाजे ८८० टन आहे. लांबणाऱ्या नळीसारख्या यंत्राने त्याचा पहिला नमुना नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर आला. त्याचे वजन १ ग्रॅमही नव्हते. काम किती अवघड आहे, हे यावरून ध्यानात येईल.

आता हे गणित सोडवा : एका लहान किरणोत्सर्गी वस्तूपासून २ मीटरवर तीव्रता ८० एकक आहे. ८ मीटर लांब दांडा वापरणाऱ्या कामगारापाशी ती किती असेल?