किती बांधली, आणि वापरते कोण?
अभ्यासपाठ : स्वच्छतेचे काम कसे मोजावे



"आमच्या देणगीतून किती शौचालये झाली?" हा प्रश्न आम्हांला दर वर्षी अनेक मंडळ्यांतून येतो. तो आस्थेने विचारलेला असतो. आम्ही आकडा कळवतो, आणि तो खोटा नसतो. पण गेल्या उन्हाळ्यात एका डोंगरी पाड्यावर गेले, तेव्हा आपला हा प्रश्न अपुरा आहे हे मला नीट कळले.

गावाच्या वेशीवर 'हागणदारीमुक्त गाव' अशी पाटी होती. पाडा तिथून चढावर, तासाभराच्या वाटेवर. शेजारशेजारच्या चार घरांत गेले. पहिल्या घरच्या शौचालयात सरपण रचलेले होते. दुसऱ्यात कोंबड्या झाकलेल्या होत्या. तिसरे स्वच्छ होते, दाराशी पाण्याची बादली होती. चौथ्या घराला शौचालयच नव्हते. तिथली आजी म्हणाली, "मोजनी झाली तवा आमी वीटभट्टीवर होतो, ताई. घराला कुलूप व्हतं."

कागदावर त्या चार घरांत तीन शौचालये होती. रोजच्या वापरात एकच होते. आणि कोंबड्यांचे जे होते, ते आपल्या मदतीतून बांधलेले होते. आपल्या अहवालात ते 'पूर्ण' म्हणून मोजले गेले होते.

या पाठात आपण एवढेच शिकू या : राष्ट्रीय कार्यक्रम असो की आपले लहानसे सेवाकार्य, त्याची देखरेख आणि मूल्यमापन कसे होते, कुठे चुकते, आणि आपण स्वतः काय पाहावे.

देखरेख आणि मूल्यमापन

हे शब्द जड वाटतात, पण शेतकऱ्याला दोन्ही ठाऊक असतात. भात लावल्यावर तो बांध फुटला का, पाणी टिकले का, कीड पडली का हे रोज पाहतो. ही देखरेख. सुगीनंतर कणगी किती भरली आणि वर्षभर घर चालेल का, हा हिशेब तो मांडतो. हे मूल्यमापन.

स्वच्छतेच्या कामाला चार पायऱ्या आहेत. पैसा खर्च झाला का? बांधकाम झाले का? घरातील सर्वजण ते वापरतात का? आणि त्यामुळे आजार कमी झाले का? पहिल्या दोन पायऱ्या मोजायला सोप्या, कारण पावती असते, फोटो असतो. तिसरी अवघड, चौथी त्याहून अवघड. म्हणून मोजणी बहुधा दुसऱ्या पायरीवर थांबते. पण जुलाब आणि जंत थांबतात ते वापराने, विटांनी नव्हे. शिवाय एका घराची घाण पावसाच्या पाण्याबरोबर सगळ्यांच्या ओढ्यात उतरते. म्हणून काही घरांनी शौचालय वापरून पाड्याचे आरोग्य पुरते सुधारत नाही.

देशाच्या अनुभवातून

ग्रामीण स्वच्छतेचा केंद्रीय कार्यक्रम १९८६ मध्ये सुरू झाला. १९९९ मध्ये संपूर्ण स्वच्छता अभियान आले. आपल्या महाराष्ट्रात २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावागावांत चुरस निर्माण केली. २०१२ मध्ये निर्मल भारत अभियान आणि २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले.

यात एक मोठा धडा २०११ च्या जनगणनेने दिला. तोवरच्या सरकारी नोंदींनुसार निम्म्याहून अधिक ग्रामीण घरांपर्यंत शौचालय पोहोचले होते. जनगणनेत मात्र घराच्या आवारात शौचालय असलेली ग्रामीण कुटुंबे केवळ ३०.७ टक्के भरली. नोंदीतली शौचालये गेली कुठे? काही बांधलीच गेली नव्हती, काही पडली होती, काहींची कोठारे झाली होती. पुढे २०१५ मध्ये भारताच्या महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात नमूद केले की, तपासलेल्या घरगुती शौचालयांपैकी ३० टक्क्यांहून अधिक निकामी होती. निकृष्ट बांधकाम, अर्धवट काम आणि देखभालीचा अभाव ही त्याची कारणे होती.

स्वच्छ भारत अभियानात तपासणी वाढवली गेली. पात्र कुटुंबाला १२,००० रुपये प्रोत्साहन अनुदान ठरले. प्रत्येक शौचालयाचा फोटो जागेच्या नोंदीसह संगणकावर चढवायचा होता. ग्रामसभेने हागणदारीमुक्तीचा ठराव करायचा, तीन महिन्यांच्या आत पहिली पडताळणी आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत दुसरी, असा नियम झाला. ग्रामीण महाराष्ट्र एप्रिल २०१८ मध्ये आणि ग्रामीण भारत २ ऑक्टोबर २०१९ रोजी हागणदारीमुक्त घोषित झाला. तोवर देशात १० कोटींहून अधिक शौचालये बांधली गेल्याची नोंद होती.

एकच प्रश्न, वेगवेगळी उत्तरे

आता थोडे सावकाश वाचा. २०१८-१९ मध्ये अभियानासाठी स्वतंत्र संस्थेने केलेल्या राष्ट्रीय ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात ९३.१ टक्के ग्रामीण कुटुंबांना शौचालय उपलब्ध असल्याचे आढळले. जवळपास त्याच काळात, २०१८ च्या जुलै ते डिसेंबरमध्ये, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने हाच आकडा ७१.३ टक्के दिला. काही महिन्यांच्या अंतरात एवढा फरक!

खरे कोण? घाईने कोणाला खोटे ठरवू नये. नमुना सर्वेक्षणाच्या अहवालातच एक सावधगिरीची सूचना आहे : सरकारी लाभाविषयी आधी विचारल्यामुळे, 'नाही' म्हटले तर आणखी काही मिळेल या आशेने लोकांनी तसे उत्तर दिले असेल. याची दुसरी बाजूही आपण ओळखतो. अभियानाची माणसे दारात आली, तर 'आम्ही वापरतो' असेच म्हणावेसे वाटते. विचारणारा कोण आणि त्याने आधी काय विचारले, याने उत्तर बदलते.

म्हणून तिसरा साक्षीदार घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण स्वच्छतेच्या कुठल्या योजनेसाठी होत नाही. त्यानुसार २०१५-१६ मध्ये सुमारे ५४ टक्के ग्रामीण कुटुंबे कोणतेही शौचालय वापरत नव्हती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांवर आले. चार-पाच वर्षांत प्रमाण निम्म्याहून खाली आले, हे मोठे यश आहे आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. तरीही 'मुक्त' म्हटलेल्या ग्रामीण भारतात दर चारांपैकी एक कुटुंब बाहेरच जात होते, हेही तितकेच खरे. प्रामाणिक मूल्यमापन या दोन्ही गोष्टी एकत्र सांगते.

कुलूप लागलेले घर

आता त्या आजीकडे परत जाऊ. स्वच्छ भारत अभियानाचा हिशेब २०१२ च्या पायाभूत सर्वेक्षणाच्या यादीवर उभा होता. ज्यांचे नाव यादीत, त्यांचे शौचालय मोजले जाणार. त्या काळात ऊसतोडीला किंवा भट्टीवर गेलेले कुटुंब, नंतर वेगळी चूल मांडलेला मुलगा, महसुली गावापासून लांबचा पाडा, अशी घरे सुटली. यादीतली सगळी घरे पूर्ण झाली की टक्केवारी शंभर भरते. यादीबाहेरच्या घराने ती कमी होत नाही. पुढे शासनालाच यादीतून सुटलेल्या कुटुंबांची वेगळी नोंद करावी लागली, आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यातही अशा पात्र कुटुंबांसाठी अनुदानाची तरतूद ठेवली गेली.

पण गावावर एकदा पाटी लागली की 'आमच्याकडे नाही' म्हणणे जड जाते. मागणारा माणूस गावाची अब्रू घालवणारा ठरतो. मोजणीतून सुटलेले घर असे मदतीतूनही सुटते, हे या विषयातले सर्वांत मोठे दुखणे आहे. लूक १५ मधल्या मेंढपाळाला शंभरातले एक हरवल्याचे कळले, कारण त्याने सगळी मोजली होती. नव्याण्णवांचीच यादी असती, तर तो निवांत झोपला असता.

पाड्यावर गेल्यावर काय पाहावे

१. पायवाट : शौचालयाकडची वाट मळलेली आहे की गवत वाढले आहे? कागदाआधी ती बोलते.

२. आतली स्थिती : भांडे ओले आहे का? पाणी, डबा, झाडू, साबण आहे का?

३. खड्डे : दोन शोषखड्डे आहेत की एकच? एक भरला की दुसरा वापरायचा आणि पहिल्यातील मैला कुजू द्यायचा, हे घरच्यांना कोणी सांगितले का? 'खड्डा लवकर भरेल' या भीतीने अनेक जण शौचालय राखून ठेवतात.

४. पाणी : जास्त उताराच्या ग्रामीण भांड्याला दीड-दोन लिटर पुरते, साध्या भांड्याला त्याच्या कितीतरी पट लागते. कोंबड्यांच्या घरची सून मला म्हणाली, "दरीतून दोन हंडे आनते. चुलीला पुरवू की तिकडं ओतू?" तिला स्वच्छतेचे महत्त्व पटवण्यापेक्षा पाण्याची सोय करणे आपले काम होते.

५. प्रत्येकाची विचारपूस : 'तुमच्या घरी वापरता का?' असे एकदाच विचारू नका. आजोबा, सून, शाळेतली मुलगी, लहान मूल, प्रत्येकाचे वेगळे विचारा. २०१४ मध्ये उत्तर भारतातील पाच राज्यांत झालेल्या पाहणीत, चालू शौचालय असलेल्या ४० टक्क्यांहून अधिक घरांत निदान एक जण तरी बाहेर जात होता.

६. वेळ : एकदा एप्रिल-मेमध्ये पाणी आटल्यावर जा आणि एकदा स्थलांतरित कुटुंबे परतल्यावर. कुलूप असलेले घर 'नाही' म्हणून सोडू नका, 'पुन्हा जाणे' असे लिहा.

७. मान : पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला अडवून लाजवणारी 'गुड मॉर्निंग' पथके आपण पाहिली आहेत. लाजलेला माणूस लपतो आणि मग खरे सांगत नाही. आपण शिक्षा करायला नव्हे, ऐकायला जातो.

जे आढळेल ते पाड्यासमोर वाचून दाखवा. पेसा कायद्याखाली पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा करता येते. तिथे सुटलेल्या घरांची नावे ठरावात लिहून ग्रामपंचायतीत आणि पंचायत समितीत देता येतात. ती यादी पाड्याने केलेली असते, म्हणून ती टिकते.

आपला अहवाल

यापुढे या पत्रिकेत आम्ही एका आकड्याऐवजी तीन आकडे देऊ : किती बांधली, भेटीच्या दिवशी किती वापरात होती, आणि किती घरे अजून शौचालयावाचून आहेत. मधला आकडा पहिल्यापेक्षा लहान असेल. तो वाचून निराश होऊ नका. दुरुस्ती कुठे करायची हे त्यावरूनच कळते. त्या पाड्यावर आता पाण्याच्या टाकीचे काम पाहत आहोत, आणि आजीचे नाव ग्रामसभेच्या ठरावात लिहिले गेले आहे. शौचालय झाल्यावर नव्हे, ती ते वापरू लागल्यावर तुम्हांला कळवू.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या मंडळीच्या कोणत्या कामात आपण बांधकाम मोजतो, पण वापर विचारत नाही?

२. आपल्या भागात मोजणीच्या वेळी कोणती घरे बंद असतात? ती कधी उघडी सापडतील?

३. लहान पण खरा आकडा ऐकून मदत चालू ठेवायला आपण तयार आहोत का?