हेप्सिडिनचा आकडा कमी आलाय म्हणून

अगं, रिपोर्टमध्ये हेप्सिडिन कमी दिसलं म्हणून जिवाला घोर लावून घेऊ नकोस. आधी माझं नीट ऐक.

हेप्सिडिन हे यकृतात तयार होणारं संप्रेरक. ते वाढलं की आतड्यातून रक्तात येणाऱ्या लोहाचं दार बंद होतं, कमी झालं की उघडतं. अंगात लोह कमी पडलं की यकृत आपणहून हेप्सिडिन कमी करतं. आपलं दर महिन्याला रक्त जातं, तेव्हा पाळी चालू असलेल्या बाईचं हेप्सिडिन पुरुषापेक्षा कमी असायचंच. नेदरलँड्समधल्या नायमेखनला जवळजवळ ३००० लोकांचं रक्त तपासलं होतं, २०११ साली ते आकडे छापून आले. पुरुषांचा मध्यक लिटरला ७.८ नॅनोमोल, पाळी चालू असलेल्या बायकांचा ४.१ आणि पाळी गेलेल्यांचा ८.५. म्हणजे आईचा आकडा तुझ्या दुप्पट आला, तरी दोघींची तब्येत उत्तम असू शकते.

आता खरी गोम सांगते. २००८ मध्ये अमेरिकेत वेगळ्या पद्धतीनं मोजलं, तेव्हा निरोगी पुरुषांचा मध्यक मिलिलिटरला ११२ नॅनोग्रॅम आला. नायमेखनचा आकडा त्याच मापात बसवला तर जेमतेम २२ भरतो! एकच संप्रेरक, पण मोजायच्या पद्धती निराळ्या. इंटरनेटवरचा ‘नॉर्मल’ आकडा तुझ्या रिपोर्टला लावूच नकोस. त्याच लॅबनं शेजारी छापलेली मर्यादा बघ, तीही बायकांची. शिवाय हेप्सिडिन सकाळी कमी असतं, दुपारनंतर चढतं. ताप किंवा जंतुसंसर्ग झाला तर खूपच वाढतं, मग लोहाची कमतरता झाकली जाते.

लोहाच्या गोळीचंही तसंच. लोहाची मोठी मात्रा घेतली की हेप्सिडिन वाढतं आणि दुसऱ्या दिवशीची गोळी कमी अंगी लागते. झुरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुणींमध्ये २०१७ साली दाखवलं, की एक दिवसाआड गोळी घेतली तर त्यातलं लोह जास्त शोषलं जातं. तुला हे चालेल का, ते डॉक्टरांना विचार. आपल्या मनानं गोळ्या बदलू नकोस. आणि गोळीवर लगेच चहा नको गं, लिंबूपाणी घे.

हिमोग्लोबिन आणि फेरिटिन केलंयस ना? आपल्याला निर्णय त्यांवरूनच घ्यायचाय. केलं नसशील तर याच आठवड्यात करून घे. पाळीत किती दिवस, किती रक्त जातं, हे डॉक्टरांना न लाजता सांग.