खोडवा फुटतो, कान फुटत नाही

उसाच्या पत्रिकेत कानाची गोष्ट कशाला, असे वाटेल. मागे गणपतीत आम्ही डोंबिवलीला पाहुण्यांकडे उतरलो होतो. खाली मिरवणुकीतला डीजे असा, की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. रात्रभर कानात किर्र वाजत राहिले. सकाळी थांबले, म्हणून निभावले असे धरू नये. आतल्या कानात केसासारखे तंतू असलेल्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की मेल्या. खोडव्यासारख्या पुन्हा फुटत नाहीत.

८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला जेमतेम पाव तास. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यासाठी उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायालयाने बजावले, की लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नव्हे. २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल.

आता आपले बघा. बिनकेबिनचा ट्रॅक्टर आधीच कान किटवतो, त्यात पोरे ऊस वाहताना टेप त्याच्या वरताण लावतात! टेप बंद करा, कानात फोमची बोळी घाला; साधा कापूस फारसा उपयोगी नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, की आवाज जास्त झाला समजा. मिरवणुकीत पोराला खांद्यावर घेऊन स्पीकरच्या भिंतीपुढे उभे राहू नका, लांब सरा. आणि किर्र दुसऱ्या दिवशीही राहिली, तर तेल न घालता कानाच्या डॉक्टरांना दाखवा.