रीडबॅक बरोबर आहे, पण समजलं का?

आता इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे विद्यार्थी तुझ्या हाताखाली येतील. ढगात विमान सरळ कसं धरायचं हे तू त्यांना शिकवशीलच. तो सरावाचा भाग आहे, तासांनी जमतो. जड जातं ते एटीसीचा क्लिअरन्स पाळणं. क्लिअरन्स ऐकायचा, लिहायचा, वाचून दाखवायचा, समजून घ्यायचा आणि मग तसं उडायचं, अशी ही पाच कामं आहेत. त्यातलं चौथं विद्यार्थी हमखास गाळतात, कारण ते बाहेरून कुणाला दिसत नाही. तुझी मेहनत तिथेच लागली पाहिजे. त्यासाठी इतक्या वर्षांत मला जे उपयोगी पडलं, ते सांगते.

आधी कागद, मग रेडिओ

क्लिअरन्स मागण्यापूर्वी नीबोर्डवरच्या कागदावर पाच जागा आखून घ्यायला लाव: कुठपर्यंत, कोणत्या मार्गानं, किती उंचीवर, पुढची फ्रिक्वेन्सी, ट्रान्सपाँडरचा कोड. फ्लाइट प्लॅन आपणच भरलेला असतो. त्यामुळे मार्ग आणि उंची काय मिळेल याचा अंदाज आधीच लिहून ठेवता येतो. मग कान फक्त फरक टिपतो, आणि भरभर बोलणारा कंट्रोलरही जड जात नाही.

आकडे एकेक करून लिहायचे. ‘टू सेव्हन झिरो’ ऐकलं की दोन, सात, शून्य. मनात त्याचं ‘दोनशे सत्तर’ करायचं नाही. जोडताना आकडे मागेपुढे होतात. उंची बदलली तर जुन्या आकड्यावर आडवी रेघ मारून नवा शेजारी लिहायचा. गिरवलेला आकडा विमान हलायला लागलं की वाचता येत नाही. आणि टॅक्सी करता करता लिहायचं नाही. ‘स्टँडबाय’ म्हणायला कुणी पैसे घेत नाही.

रीडबॅकनंतर एक प्रश्न

रीडबॅक बरोबर आला की नवा इन्स्ट्रक्टर निर्धास्त होतो. तू होऊ नकोस. पाठांतर चांगलं असलेला मुलगा शब्दन् शब्द परत म्हणतो आणि त्याचं विमान कुठे चाललंय हे त्याला माहीत नसतं.

फेब्रुवारी १९८९ मध्ये क्वालालंपूरला उतरणाऱ्या फ्लाइंग टायगरच्या मालवाहू ७४७ ला कंट्रोलरनं ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’ असं सांगितलं. त्याला म्हणायचं होतं दोन हजार चारशे फूट. क्रूनं ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’ असं धरलं आणि ‘फोर झिरो झिरो’ असं परत सांगितलं. ती चूक कुणीच दुरुस्त केली नाही. विमान टेकडीवर आदळलं आणि त्यातले चौघेही गेले. ‘रनवे इतका लांब असताना चारशे फूट कसे?’ एवढा एक प्रश्न कॉकपिटमध्ये उठला असता तर ते वाचले असते. म्हणून रीडबॅकमध्ये आकड्यासोबत ‘फीट’ किंवा ‘फ्लाइट लेव्हल’ यायलाच हवं, आणि ‘रॉजर’ म्हणजे रीडबॅक नव्हे, हे पहिल्या दिवसापासून कडकपणे पाळून घे.

प्रत्येक क्लिअरन्सनंतर तू एकच विचार, ‘आता हे विमान कुठे जाणार?’ उत्तर बोटानं चार्टवर दाखवायला लाव. समजा विद्यार्थी ३६० हेडिंगवर आहे आणि तू कंट्रोलर होऊन म्हणालीस, ‘टर्न लेफ्ट हेडिंग थ्री झिरो झिरो, मेंटेन थ्री थाउजंड फीट अंटिल एस्टॅब्लिश्ड, क्लिअर्ड आयएलएस अप्रोच रनवे टू सेव्हन.’ त्याचा रीडबॅक झाला की विचार. लोकलायझर कोणत्या बाजूला आहे? तीस अंशांत तो कापायला किती वेळ लागेल? तीन हजार फूट कधी सोडायचे? ‘अप्रोच मिळाला की’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबव आणि १ डिसेंबर १९७४ ची गोष्ट सांग. टीडब्ल्यूएचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे निघालं होतं. ‘क्लिअर्ड फॉर अप्रोच’ ऐकून क्रू १८०० फुटांकडे उतरू लागला आणि विमान व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं. ९२ माणसं गेली. चार्टवर छापलेल्या मार्गावर येईपर्यंत शेवटची दिलेली उंची सोडायची नाही, हा अमेरिकेतला नियम त्यानंतर पक्का झाला.

क्लिअरन्स कशाचा?

२७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धुक्यात केएलएमच्या विमानाला उड्डाणानंतरच्या मार्गाचा क्लिअरन्स मिळाला होता, टेकऑफचा नव्हता. विमान धावू लागलं. पुढे रनवेवर पॅन ॲमचं ७४७ होतं. ५८३ माणसं गेली. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष टेकऑफची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारतात; एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात. तुझ्या विद्यार्थ्याच्या तोंडूनही तो शब्द अवेळी निघता कामा नये.

डोंगर पायलटनंच बघायचा

जुलै १९६२ मध्ये सिडनीहून रोमकडे निघालेलं अलितालियाचं डीसी-८ रात्री मुंबईला उतरण्यापूर्वी जुन्नरजवळच्या डोंगरावर कोसळलं. ९४ जणांचा जीव गेला. मुंबई प्रत्यक्षात होती त्यापेक्षा जवळ आहे असं वाटून पायलटनं लवकर उतरायला सुरुवात केली, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. सह्याद्री काही हललेला नाही. कळसूबाईचा माथा समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट आहे. खाली उतरण्याचा क्लिअरन्स आला की मी आत्ता कुठे आहे आणि इथली किमान सुरक्षित उंची किती, या दोन गोष्टी बघूनच थ्रॉटल मागे घ्यायची सवय लाव. पुण्याकडे असो की मुंबईकडे, यात सूट नाही.

‘अनेबल’ म्हणायला शिकव

आपली मुलं मोठ्यांना उलट बोलायचं नाही या वळणात वाढतात. रेडिओवर कंट्रोलरला ‘सर’ म्हणतात आणि सर म्हणतील ते करायला जातात. आदर ठेवू दे, पण न झेपणारी गोष्ट झेपत नाही असं सांगणं हेही पायलटचं कामच आहे. सिम्युलेटरमध्ये सेसना १७२ ला दोन मिनिटांत पाच हजार फूट चढायला सांग, किंवा वादळात घालणारं हेडिंग दे. मुलगा निमूटपणे नाक वर करू लागला तर सिम थांबव. ‘अनेबल’, त्याचं एका ओळीत कारण, आणि काय जमेल ते, हे तिन्ही त्याच्याकडून वदवून घे. मोठ्या विमानावर गेल्यावर टीकॅसचा, म्हणजे हवेतली टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचा, आदेश कंट्रोलरच्या सूचनेविरुद्ध आला तर टीकॅसचाच पाळायचा, हेही आत्ताच कानावर घाल. २००२ मध्ये युबरलिंगनला एका क्रूनं टीकॅसऐवजी कंट्रोलरचं ऐकलं; दोन विमानं हवेत धडकून ७१ जण गेले.

चार कान

१२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानं धडकली आणि ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर थांबायचं होतं, पण ते त्याखाली उतरलं. त्यात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता आणि विमान उडवणारे वेगळे. म्हणून उंची एकानं लावायची, दुसऱ्यानं बोट ठेवून मोठ्यानं वाचायची, आणि ‘एक हजार बाकी’ ही हाक रोज द्यायची.

तू गप्प बस

सर्वांत अवघड धडा तुझा स्वतःचा आहे. विद्यार्थी अडखळला की तुझा हात माइकच्या बटणावर जाईल. तो आवर. सिम्युलेटरमध्ये त्याला चुकू दे, चुकीच्या उंचीवर जाऊ दे आणि स्वतः शोधू दे. खऱ्या आकाशात मात्र चूक कंट्रोलरच्या पडद्यावर जाण्याआधीच थांबव. तिथे दुसऱ्यांची विमानं आहेत. उतरल्यावर नीबोर्डचा कागद समोर ठेव आणि क्लिअरन्स बदलला त्या प्रत्येक जागी त्यानं काय विचार केला ते विचार.

लॉगबुकवर सही करण्याआधी एवढंच पाहा की या मुलानं तुझ्यासमोर एकदा तरी स्वतःहून क्लिअरन्सवर प्रश्न विचारला आहे का. विचारला नसेल, तर तो अजून तयार नाही. सही करू नकोस.